दूध जास्त येत असेल तर काय करायचं: नव्या आईसाठी क्रमवार माहिती

बाळंतपण झालं की आपल्याकडे सगळं घर एकाच प्रश्नाच्या मागे लागतं, बाळाला दूध पुरतंय ना? मग अळिवाची खीर येते, मेथीचे लाडू येतात, शतावरी कल्प येतो, बाळंतशेपा येतो. ज्या बाईला दूध कमी येतं तिला सल्ला द्यायला दहा जणी धावतात. ज्या बाईला जास्त येतं तिला मात्र "नशीबवान आहेस" एवढंच ऐकायला मिळतं. ती बिचारी ओल्या गाऊनमध्ये, दगडासारखी झालेली छाती सांभाळत, ठसका लागलेल्या लेकराची पाठ थोपटत बसलेली असते.

हा त्रास खरा आहे आणि त्यावर उपायही आहेत. बहुतेक उपाय घरीच, फारसा खर्च न करता होतात. क्रम मात्र सांभाळावा लागतो. घाईघाईने दूध तोडायला गेलं की गाठ होते, ताप येतो, नाहीतर दूधच इतकं उतरतं की मग वाढवायच्या मागे लागावं लागतं. म्हणून खालच्या पायऱ्या वरून खाली, एकेक करून घ्या.

पहिली पायरी: खरंच जास्त आहे का ते बघा

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी छाती भरून येते, ठणकते, गरम लागते. हे जवळपास प्रत्येकीला होतं. त्या दिवसांत दुधासोबत सूजही असते, त्यामुळे प्रत्यक्षात दूध आहे त्याहून जास्त वाटतं. बाळाला मागेल तेव्हा अंगावर घेत राहिलं की दोन-तीन दिवसांत हे ओसरतं. त्यानंतरचे चार-सहा आठवडे शरीर अंदाज घेत असतं. बाळ किती पितं, किती उरतं, त्याप्रमाणे दूध हळूहळू बाळाच्या गरजेवर येऊन थांबतं. म्हणून पहिल्या महिन्यात "मला जास्त येतं" असं वाटलं तरी दूध कमी करण्याचे जोरदार उपाय करू नका. त्या काळात फक्त दुसरी आणि तिसरी पायरी पाळा.

चार-सहा आठवड्यांनंतरही पुढचं सगळं चालू असेल तर दूध जास्त आहे असं समजायला हरकत नाही. बाळ पिऊन झालं तरी छाती हलकी वाटत नाही. एका बाजूला पाजताना दुसरीकडून धार लागते. गाठी वरचेवर होतात. बाळ तोंड लावतं, अर्ध्या मिनिटात गटगट आवाज करतं, ठसकतं, सोडून देतं, रडतं आणि पुन्हा तोंड लावतं. काही बाळं धार अडवायला हिरड्यांनी दाबून धरतात, मग सोडल्यावर स्तनाग्र चपटं आणि पांढरं पडलेलं दिसतं. पोटात गॅस होतो, शी हिरवट आणि फेसाळ होते, पाच-सात मिनिटांत पिणं आटोपतं आणि तासाभरात पुन्हा भूक लागते.

यात खूण म्हणून सगळ्यात भरवशाचं बाळाचं वजन. पहिले काही दिवस वजन उतरतं, साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं आणि मग पहिले तीन महिने रोज सरासरी 25 ते 30 ग्रॅम वाढतं, म्हणजे आठवड्याला साधारण 200 ग्रॅम. दूध जास्त असलेल्या आईचं बाळ बहुतेक वेळा याहून बरंच जास्त वाढतं. वजन जेमतेम वाढत असेल आणि तरी ठसका लागत असेल, तर गोष्ट वेगळी आहे. मग जिभेखालचा पडदा, गिळण्यातली अडचण, दूध वर येणं, असं काही असू शकतं. अशा वेळी दूध कमी करायचा एकही उपाय घरी करायचा नाही, आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. शीमध्ये रक्ताचे धागे दिसले तरी तेच. आणि पिताना बाळाचे ओठ निळसर पडले, श्वास अडकला, तर वाट न बघता 108 ला फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा.

नुसती शी हिरवी आहे, बाकी बाळ खेळतंय, वजन घेतंय, झोपतंय, तर काही करू नका. हिरव्या शीवर आपल्या घरांमध्ये जितकी चर्चा होते तितकी ती लायक नसते.

दूध कसं बनतं तेवढं समजून घ्या

विहीर उपसली की झरे मोकळे होतात, तसंच इथे आहे. छाती जितकी रिकामी होते तितकं नवं दूध वेगाने बनतं, आणि भरलेली राहिली की बनण्याचा वेग आपोआप मंदावतो, कारण साठलेल्या दुधातच बनणं रोखणारे घटक असतात. शिवाय हे दोन्ही बाजूंचं वेगवेगळं चालतं. उजवीकडचं दूध कमी करायचं असेल तर उजवी बाजू जरा भरलेली राहू द्यावी लागते. पूर्ण अंगावर पिणारं बाळ एक ते सहा महिन्यांच्या काळात दिवसाला सरासरी 750 ते 800 मिलिलिटर दूध पितं, आणि महिन्यामागून महिना हा आकडा फारसा वाढत नाही. पाचव्या महिन्यातल्या गुटगुटीत पोराला दुसऱ्या महिन्यापेक्षा दुप्पट दूध लागेल ही समजूत चुकीची आहे.

दुसरं म्हणजे दुधातली स्निग्धता. पाजायला घेतल्यावर सुरुवातीचं दूध पातळ असतं आणि छाती रिकामी होत जाते तसं ते घट्ट होतं. खूप भरलेल्या छातीतून बाळाचं पोट पातळ दुधानेच भरून जातं. त्यातली साखर एकदम आतड्यात उतरते, पचायला वेळ मिळत नाही, म्हणून गॅस, फेस आणि हिरवट शी. पातळ दूध वाईट असतं असं मुळीच नाही. ते एकदम फार जातं, एवढाच प्रश्न आहे.

दुसरी पायरी: पंप आवरा

माझ्या पाहण्यात जेवढ्या जणींना हा त्रास झाला त्यातल्या बहुतेकींच्या घरात पंप होता. बाळंतपणाच्या बॅगेतच तो भरून येतो. पहिल्या आठवड्यात छाती ठणकली म्हणून पंप लावला, बाटलीभर दूध निघालं, बरं वाटलं. शरीराने मात्र हिशोब केला की जुळी बाळं आहेत. उद्या तेवढंच पुन्हा हजर. मग पुन्हा पंप. यात बाईचा दोष नाही, पंपाच्या खोक्यासोबत हे कोणी सांगत नाही.

पंप एका दिवसात बंद करू नका. एकदम बंद केला तर दूध साकळून गाठ होईल. दिवसातून चार वेळा काढत असाल तर प्रत्येक वेळी मिनिट-दोन मिनिटं कमी करा, दोन-तीन दिवस तेवढ्यावर राहा, मग आणखी कमी करा. किंवा दर तीन दिवसांनी एक वेळ गाळा. बाळ पिऊन झाल्यावर "उरलेलं काढून टाकू" म्हणून पंप लावायचा असतो, तो आधी गाळा. दुसऱ्या बाजूला चिकटवून ठेवायचं सिलिकॉनचं भांडंही यातच धरा. ते नुसतं गळणारं दूध गोळा करत नाही, ओढूनही घेतं. गळणारं दूध टिपायला कापड पुरे.

फारच ठणकत असेल तर हाताने थोडं काढा. अंगठा आणि तर्जनी काळ्या वर्तुळाच्या कडेला ठेवायची, आधी छातीच्या दिशेने मागे दाबायचं आणि मग बोटं एकमेकांकडे आणायची. बोटं कातडीवर घासायची नाहीत. ठणका ओसरेपर्यंतच काढा. वाटी भरली का ते बघू नका, ताण गेला की थांबा.

तिसरी पायरी: पाजताना अंग मागे टेकवा

हा उपाय मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण यात तोडायचं, थांबवायचं काही नाही, आणि पहिल्या दिवसापासून करता येतो.

नागपुरात मानेवाड्याला राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीकडे मी हे जवळून पाहिलं. ती पलंगावर मांडी घालून, पुढे वाकून बसायची, बाळ मांडीवर आडवं. बाळाने तोंड लावलं की थोड्या वेळात पान्हा सुटायचा आणि वरून धार थेट घशात. लेकरू डोळे विस्फारायचं, ठसकायचं, पाठ कमानीसारखी ताणून मागे व्हायचं आणि उरलेली धार त्याच्या नाकावर, भुवईवर. मालिश करणाऱ्या मावशी दारातून म्हणायच्या, "काहून रडतंय लेकरू, पोट भरत नाही काय?" आणि बहीण आणखी पुढे वाकून पाजायची.

मग तिच्या पाठीमागे दोन उशा आणि एक गुंडाळलेली सतरंजी लावली. पूर्ण आडवं नाही, आरामखुर्चीत रेलतो तेवढं. बाळाला तिच्या अंगावर पालथं ठेवलं, पोटाला पोट, तोंड स्तनाच्या वर. आता दुधाला खालून वर चढावं लागत होतं. पहिली धार सुटली तसं तिने बाळाला बोटाने अलगद सोडवलं, घडी केलेल्या सुती ओढणीत ती धार जाऊ दिली, जोर ओसरला तसं पुन्हा लावलं. गटगट आवाज थांबला. एक घोट, श्वास, एक घोट, श्वास. बाळाचे वळलेले हात उघडले. कूलरच्या आवाजातसुद्धा तो घोट ऐकू येत होता. मावशी आत येऊन बघून गेल्या आणि काही बोलल्या नाहीत.

तुम्ही करताना एवढं सांभाळा. बाळाची मान वळलेली नको, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत हवी. नाक मोकळं हवं. बाळाला डोकं मागे घेऊन स्वतः सोडता यायला हवं, म्हणून डोक्यावर हात दाबून धरू नका, हात पाठीवर आणि ढुंगणाखाली. बाळाने नुसतं टोक न धरता खालचा काळा भागही तोंडात घेतला पाहिजे, नाहीतर धार सांभाळता येत नाही आणि तुम्हाला चिरा पडतात. सिझेरियनचा टाका दुखत असेल तर बाळाला तिरकं, खांद्याकडून आणा. रात्री कुशीवर झोपून, बाळ समोर कुशीवर घेऊन पाजलं तरी चालतं. जास्तीचं दूध तोंडाच्या कोपऱ्यातून गळून जातं, खाली दुपटं टाकून ठेवा. मात्र डोळा लागेल असं वाटलं की बाळाला बाजूला, पाठीवर, उशी-पांघरुणापासून लांब ठेवा. बसून पाजताना सोफ्यावर झोप लागणं तर फार धोक्याचं.

अगदी कडक भुकेची वाट न बघता, बाळ चुळबुळायला लागलं, मूठ तोंडात घालायला लागलं की घ्या. शांत बाळ हळू पितं. मध्येच एकदा खांद्यावर घेऊन ढेकर काढा.

छाती घट्ट बांधणं हा जुना उपाय आहे, तो करू नका. नळ्या दबतात, दूध साकळतं. आधार देणारी, पण काचणार नाही अशी, तार नसलेली सुती ब्रा बरी. गळायला लागलं तर तळहाताने छाती सरळ आत दाबून मिनिटभर धरा, थांबतं. नागपूरच्या मे महिन्यात ओलं पॅड तसंच राहिलं की खाज, पुरळ, बुरशी ठरलेली. म्हणून प्लॅस्टिकचा थर असलेल्या पॅडपेक्षा जुन्या मलमलीच्या घड्या ठेवा, ओली झाली की बदला आणि उन्हात वाळवा. उन्हाची तर आपल्याकडे कमी नाही.

चौथी पायरी: एकच बाजू, ठरावीक वेळ

वरच्या दोन पायऱ्या आठवडाभर नीट केल्या, बाळ चार-सहा आठवड्यांच्या पुढे आहे, वजन छान आहे, आणि तरी त्रास आहे, तरच इकडे या. गाठ किंवा ताप असताना हे सुरू करायचं नाही.

दिवसाचे तीन-तीन तासांचे भाग करा. समजा सकाळी दहा ते एक डावी बाजू. या वेळात बाळाने एकदा मागो की चारदा, डावीकडेच घ्यायचं. एक ते चार उजवी. मग पुन्हा डावी. असं केल्याने एक बाजू नीट रिकामी होते, बाळाला घट्ट दूध मिळतं, आणि दुसरी बाजू काही तास भरलेली राहून तिकडचा वेग कमी होतो. आराम घेणारी बाजू फार ठणकली तर वर सांगितलं तसं हाताने अगदी थोडं काढा आणि कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवा. सुरुवातीला हे दिवसापुरतंच करा, रात्री बाळ मागेल तसं दोन्हीकडे घ्या. कुठली बाजू चालू आहे ते झोपेत आठवत नाही, म्हणून ब्राच्या त्या पट्ट्याला सेफ्टी पिनने रंगीत रिबिन लावून ठेवा.

एक-दोन दिवसांत छाती मऊ वाटायला लागते. फरक नसेल तर तीनचे चार तास करा. त्याच्या पुढे जायचं असेल तर स्तनपान सल्लागार किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आणि त्रास गेला की थांबा. ही कायमची पद्धत नव्हे. बरं वाटतंय म्हणून महिनाभर चालू ठेवलं की दूध गरजेच्या खाली उतरतं. चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा लंगोट ओला झाला किंवा वजन अडकलं तर त्याच दिवशी दोन्ही बाजूंनी पाजायला लागा.

खाण्यापिण्याचं, आणि घरच्यांना सांगण्याचं

दूध कमी व्हावं म्हणून पाणी तोडू नका. पाणी कमी प्यायल्याने दूध कमी होत नाही, तुम्हाला चक्कर येते आणि लघवीची जळजळ होते. नागपुरात 23 मे 2013 ला पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा गावात बाळंतिणीला पाणी मोजून देणं हा सरळसरळ धोका आहे. तहान लागेल तेवढं पाणी, ताक, पन्हं प्या.

थांबवायच्या त्या दूध वाढवणाऱ्या गोष्टी. शतावरीची पावडर आणि कल्प, मेथीचे लाडू, अळीव, बाळंतशेपा. यातल्या कशाने किती दूध वाढतं याचा पक्का पुरावा नाही, पण जास्त येत असताना घ्यायचंही कारण नाही. साधे डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं खा, बाळंतिणीला ताकद हवीच. डॉक्टरांनी कधी दूध वाढवायच्या गोळ्या लिहून दिल्या असतील आणि त्या अजून चालू असतील, तर त्यांना फोन करून बंद कशा करायच्या ते विचारा. उलटीवरच्या काही गोळ्यांनीही दूध वाढतं, म्हणून चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं सांगा. संत्र्यांचं मात्र काही बिघडत नाही. आंबिया बहाराची असोत की मृगाची, संत्री खाल्ल्याने बाळाला सर्दी होत नाही.

सासूबाईंना किंवा आईला हे सांगणं अवघड जातं, कारण तो लाडू म्हणजे त्यांची माया असते. "मला नको" म्हणण्यापेक्षा बाळ दाखवा. "आई, बघा ना, पिताना कसा ठसका लागतो. डॉक्टर म्हणाले दूध उतू चाललंय, मेथी-अळीव महिनाभर थांबवू. डिंकाचे करता का?" असं म्हटलं की बहुतेक आज्या स्वतःच डबा उचलून नेतात. मालिश करणाऱ्या मावशींना मात्र स्पष्ट सांगा की छातीला हात लावायचा नाही. हातपाय, पाठ, कंबर हवी तेवढी चोळा. बाजेखालच्या शेगडीचा शेकही छातीला नको, उबेने पान्हा सुटतो. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी तर बाळासाठीही नको नि तुमच्यासाठीही नको, त्या धुराने माणसं दगावतात.

पानकोबीची थंड पानं छातीवर ठेवायचा उपाय तुम्ही ऐकला असेल. थंडाव्याने बरं वाटतं, ठेवायला हरकत नाही, पानं धुऊन, फ्रिजमधून काढून, मऊ होईपर्यंत. मोगऱ्याची फुलं बांधण्याचा उपाय मात्र वेगळा आहे. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात मोगऱ्याच्या फुलांनी दूध आटायला मदत झाल्याचं दिसलं होतं. पण तो अभ्यास दूध पूर्ण बंद करायचं होतं अशा बायकांवरचा होता. पाजत्या आईने त्याच्या वाटेला जाऊ नये.

गाठ झाली, ताप आला तर

पूर्वीचा सल्ला असा होता की गरम शेक द्या, जोर लावून चोळा, पंपाने सगळं काढून टाका. आपल्या बायका अजूनही तेच करतात, कंगव्याने गाठ ओढतात, आणि दुसऱ्या दिवशी छाती लालबुंद होते. आता तज्ज्ञांचं मत उलट आहे. गाठ म्हणजे बहुतेक वेळा आतल्या नळ्यांभोवतीची सूज असते. चोळल्याने ती वाढते, आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात.

बाळाला नेहमीप्रमाणे पाजत राहा, त्या बाजूलाही. मुद्दाम जास्त वेळा रिकामं करू नका. कपड्यात गुंडाळून बर्फ दहा-दहा मिनिटं, दिवसातून बऱ्याच वेळा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन पाजत्या आईला चालतं. अॅसिडिटी, अल्सर, किडनी किंवा दम्याचा त्रास असेल तर आयबुप्रोफेन विचारूनच घ्या. हात फिरवायचाच असेल तर कातडीवरून मोरपीस फिरवल्यासारखा, काखेकडे आणि गळ्याच्या हाडाकडे. आणि झोप. घरातल्या कोणीतरी बाळाचा लंगोट, ढेकर, कपडे बघायचे, तुम्ही फक्त पाजायचं आणि पडून राहायचं.

101 च्या वर ताप, थंडी वाजणं, अंग मोडून येणं, छातीवर लाल गरम पट्टा, हे दिवसभरात ओसरलं नाही तर डॉक्टर गाठा. फार गळून गेल्यासारखं वाटत असेल तर तेवढंही थांबू नका. जंतुसंसर्ग असेल तर पाजताना चालतील अशी प्रतिजैविकं मिळतात, आणि बरं वाटलं तरी गोळ्यांचा कोर्स पूर्ण करायचा. ते दूध बाळाला चालतं. गाठ मऊ पडून आत पाणी हलल्यासारखं लागलं, तर पू झाला असेल. त्याची सोनोग्राफी होते आणि बरेचदा सुईने पू काढून काम भागतं. बाळंतपण जिथे झालं तिथेच आधी जा, तुमचे कागद तिथे असतात. नाहीतर नागपुरात गांधीबागेतलं डागा हे शासकीय स्त्री रुग्णालय आहे, मेडिकल आणि मेयो ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, आणि धंतोली-रामदासपेठेत तर गल्लोगल्ली खासगी दवाखाने आहेत. वारंवार गाठी होत असतील किंवा एकाच जागची गाठ दोन-तीन आठवड्यांत जात नसेल, तर "पाजते आहे म्हणून असेल" असं समजून सोडून देऊ नका, तपासून घ्या.

एवढं सगळं करूनही दूध आवरत नसेल तर डॉक्टर थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या रक्ताच्या तपासण्या सांगतील. छातीत धडधड, हात थरथरणं, वजन भराभर उतरणं असं असेल तर आवर्जून सांगा. दूध कमी करायची औषधं आहेत, पण त्यातली काही रक्तदाब वाढवतात, काहींमुळे बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती असते, आणि काहींनी दूध इतकं उतरतं की परत येत नाही. मैत्रिणीची उरलेली गोळी किंवा मेडिकल स्टोअरवाल्याने दिलेली गोळी याबाबतीत कधीच नको.

साठलेलं दूध, आणि द्यायचं असेल तर

पंप कमी करत असतानाच्या दिवसांत थोडं दूध जमतंच. साधारण 25 अंशांच्या खोलीत काढलेलं दूध चार तास टिकतं. एप्रिल-मे-जूनमध्ये आपल्या घरात 25 अंश कुठून येणार? त्या दिवसांत काढलं की लगेच फ्रिजमध्ये, दारात न ठेवता आतल्या बाजूला, झाकणाच्या स्वच्छ स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात, तारीख लिहून. तिथे चार दिवस चालतं. डीप फ्रीजरमध्ये सहा महिन्यांच्या आत वापरलेलं उत्तम. वीज बराच वेळ गेली आणि फ्रीजरमधलं दूध पूर्ण वितळलं, तर ते पुन्हा गोठवायचं नाही, फ्रिजमध्ये ठेवून चोवीस तासांत संपवायचं. कोमट पाण्यात भांडं ठेवून गरम करा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको. कामावर परत जाणार असाल तरी फ्रीजर भरून ठेवायची गरज नाही. एक-दोन दिवसांचं दूध हाताशी असलं की पुरतं, पुढे रोज काढलेलं दुसऱ्या दिवशी.

भरलेली छाती आणि भरलेला फ्रीजर बघून अनेकींच्या मनात येतं की हे कुणाच्या तरी लेकराला मिळावं. फार चांगला विचार आहे. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी 1989 मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू झाली, आणि कमी वजनाच्या, आईचं दूध न मिळणाऱ्या बाळांसाठी अशा पेढ्या जीव वाचवतात. दान करणाऱ्या आईची एचआयव्ही, कावीळ बी आणि गुप्तरोगाची तपासणी होते आणि दूध 62.5 अंशांवर 30 मिनिटं तापवून निर्जंतुक केलं जातं. म्हणून शेजारणीच्या बाळाला परस्पर बाटली देऊ नका. जिथे बाळंतपण झालं तिथल्या किंवा डागा, मेडिकलमधल्या नवजात अतिदक्षता विभागात फोन करून दुधाच्या दानाबद्दल विचारा. कोणी पैसे देऊ करत असेल तर तिकडे फिरकू नका. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, मे 2024 मध्येच स्पष्ट केलं आहे की आईच्या दुधाचा व्यापार करता येत नाही. आणि दान करायचं म्हणून पंप वाढवू नका, कमी करत आणताना जे निघतं तेवढंच द्या.

दूध ताळ्यावर आलं की छाती मऊ राहते, गळणं थांबतं, पान्हा पूर्वीसारखा टोचत नाही. नेमक्या या वेळी बऱ्याच जणी घाबरतात, दूध गेलं म्हणून पुन्हा मेथी आणि पंप काढतात. तसं करण्याआधी बाळाचे ओले लंगोट मोजा आणि लसीकरणाच्या दवाखान्यात किंवा आशाताईंकडे, दर वेळी त्याच काट्यावर, कमी कपड्यांत वजन करून घ्या. पुढचे तीन-चार आठवडे दर आठवड्याला एकदा वजन करा आणि आकडा लसीकरणाच्या कार्डावरच लिहून ठेवा. तो वर जात असेल तर आहे तसं चालू द्या.